‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्यापूर्वी

भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला १९४४ मध्ये प्रारंभ झाला. आज तिचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, आणि मुदत जवळ आली की एकच वाक्य कानी पडते : ‘सर, सर्व्हर डाऊन आहे.’ अंबड-घनसावंगीकडील ज्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात, त्यांची मुदत हुकली तर वर्षाचे शिक्षणच धोक्यात येते. म्हणून हा निष्कर्ष पुराव्याविना स्वीकारू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो.

सर्व्हर म्हणजे दूरच्या ठिकाणचा संगणकच. आपली मागणी तेथे चार टप्प्यांनी पोहोचते. प्रथम आपले यंत्र जाळ्याशी जोडले जाते. मग डीएनएस ही यंत्रणा संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधते. त्यानंतर मागणी त्या पत्त्यापर्यंत प्रवास करते आणि शेवटी ठरलेल्या दारावर, म्हणजे बहुधा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर, थाप देते. दोष शोधताना याच क्रमाने जवळून दूर जावे.

दुसरे संकेतस्थळ उघडते का, हे आधी पाहावे. एकही उघडत नसेल, तर दोष बहुधा आपल्याच वायरीत, राऊटरमध्ये किंवा जोडणीत असतो. ‘पिंग ८.८.८.८’ या आज्ञेला उत्तर येते, पण नावाने काहीच उघडत नाही, तेव्हा डीएनएस तपासावे. मात्र काही सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. त्यांचे मौन हा बिघाडाचा पुरावा नव्हे.

पडद्यावरील संदेश नीट वाचावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे सहसा यंत्र सापडले, पण दार बंद आहे. ‘टाइम्ड आऊट’ म्हणजे वेळेत उत्तरच आले नाही. रस्ता तुटला असेल, फायरवॉलने अडविले असेल किंवा सर्व्हरवर भार असेल. ‘५०३’ म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. ‘४०४’ आल्यास सर्व्हर चालू असतो, पण मागितलेले पान त्या पत्त्यावर नसते. प्रमाणपत्राची चूक दिसली, तर आपल्या संगणकाची तारीख आधी पाहावी.

या पद्धतीला इतिहासाचाही आधार आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाला ‘लॉगिन’ हा शब्द पाठविला जात होता. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोनच अक्षरे पोहोचली आणि तेथील यंत्रणा बंद पडली. दोन्हीकडील माणसे दूरध्वनीवर होती; प्रत्येक अक्षर पोहोचल्याची खात्री ती करून घेत होती. त्यामुळे गाडी नेमकी कोठे अडली, हे लगेच कळले. दोष दूर होऊन त्याच रात्री जोडणी झाली.

आपणही वेळ, संदेशाचे नेमके शब्द आणि केलेल्या तपासण्या वहीत नोंदवाव्यात, पडद्याचे छायाचित्र जपावे. दोष आपल्याकडे असेल तर तो दुरुस्त करता येतो. पलीकडे असेल तर ही नोंद तक्रारीला बळ देते. ‘सर्व्हर डाऊन होता’ एवढ्या तोंडी सबबीने मुदत वाढवून मागता येत नाही. पुराव्यानिशी मात्र हक्काने मागता येते.