तुटक नोकरी आणि म्हातारपणची पेन्शन



पाड्यावरच्या माणसाची नोकरी सहसा सलग नसते. ठेकेदार बदलतो, पावसाळ्यात शेतीला घरी यावे लागते, मग पुन्हा नवे काम. अशा माणसाला म्हातारपणी पेन्शन मिळेल का, हे या वेळी समजून घेऊ.

10 वर्षांची अट

ज्यांच्या पगारातून पीएफ कापला जातो, त्यांना 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना लागू असते. मालकाच्या हिश्श्यातील 8.33 टक्के रक्कम पेन्शनकडे जाते. 58 व्या वर्षी पेन्शन मिळण्यासाठी एकूण 10 वर्षांची सेवा लागते. ही 10 वर्षे एकाच ठिकाणची असावीत अशी अट नाही.

समजा, डहाणूकडच्या एका भावाने तारापूरच्या कारखान्यांत 4, 3 आणि 4 अशी तुटक 11 वर्षे काम केले. दर वेळी नोकरी सुटताच त्याने सगळे पैसे काढले, तर पेन्शनसाठी त्याच्या नावावर काहीच उरत नाही. सेवा जोडत गेला आणि शेवटच्या 5 वर्षांचा सरासरी पगार 14,000 रुपये असला, तर 14,000 गुणिले 11 भागिले 70, म्हणजे महिना 2,200 रुपये जन्मभर.

घरात आजारपण किंवा लग्न आले की पैसे काढावे लागतात, यात त्याची चूक नाही. पण नोकरी सुटल्यावर पीएफची रक्कम काढूनही पेन्शनचा हिस्सा तसाच ठेवता येतो. त्यासाठी ‘फॉर्म 10 सी’ भरताना पैशांऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ मागावे. नव्या नोकरीत जुनाच यूएएन क्रमांक द्यावा.

पीएफ कधी कापलाच नाही तर?

वीटभट्टी, ऊसतोड, शेतमजुरी यांत आयुष्य गेलेल्यांसाठी महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. तिला वर्गणी लागत नाही. वय 65 पूर्ण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत आणि राज्यात किमान 15 वर्षे वास्तव्य, या मुख्य अटी. 2023 मध्ये ही रक्कम महिना 1,500 रुपये झाली. अर्ज तहसील कार्यालयात करायचा.

बहुतेकांचे अडते ते वयाच्या दाखल्यावर. शाळेचा दाखला नसेल तर मतदार यादीतील किंवा रेशनकार्डावरील वय, अथवा सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला चालतो. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात.

आपण काय करावे?

पाड्यावर भेटीला जाल तेव्हा दोन प्रश्न विचारा. तरुणाला: “तुझा यूएएन क्रमांक लिहून ठेवला आहेस का?” आजीला: “वयाचा कागद कुठे आहे?” कागद नसेल तर तिच्याबरोबर तहसीलला जा. एक दिवस जाईल, पण तिचे दर महिन्याचे मीठ-मिरची आणि औषधपाणी त्यातून भागेल.