ग्रंथपालाने शिकायचे तरी काय?

प्रश्न : मी मराठी विषय घेऊन बी.ए. झाले. संध्याकाळी गावातल्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते. ग्रंथपालाला बी.लिब., एम.लिब. अशा दोन दोन पदव्या लागतात म्हणे. पुस्तक द्यायचे, परत घ्यायचे, जागेवर लावायचे, यात एवढे शिकण्यासारखे काय असते? आणि सगळे फोनवर सापडत असताना हे शिकून पोट भरेल का?

उत्तर : तुमच्या टेबलापासूनच सुरुवात करू. उद्या एखादी मुलगी येऊन म्हणाली, ‘नटसम्राट ज्यांनी लिहिले त्यांच्या कविता हव्यात,’ तर तुम्ही क्षणात ‘विशाखा’ काढून द्याल, कारण तुम्ही मराठी शिकला आहात. पण तुम्ही नसताना ती आली तर? ‘नटसम्राट’वर नाव वि. वा. शिरवाडकर, ‘विशाखा’वर कुसुमाग्रज. तालिकेत, म्हणजे कॅटलॉगमध्ये, ही दोन नावे एकमेकांना जोडलेली नसतील तर तिला एकच उत्तर मिळेल : या लेखकाच्या कविता आपल्याकडे नाहीत. पुस्तक कपाटात असूनही नाही! मराठीत तर असे पावलोपावली घडते. ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांची आणि ‘जोगवा’ आरती प्रभूंचा. गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून, विनोद बाळकराम म्हणून. कोणत्या नावाखाली मुख्य नोंद करायची, इतर नावांवरून तिकडे कसे वळवायचे, याचे नियम आहेत. तालिकीकरणाच्या पेपरात ते शिकवतात, आणि चांगला शिक्षक लाभला तर त्यांची गोडी लागते.

आता तुमच्या वाचनालयातले एखादे जुने पुस्तक उघडा. मुखपृष्ठाच्या आत इसवी सन नसेल, नुसते ‘शके १८४०’ असेल. ७८ मिळवून १९१८ लिहिले की झाले असे वाटते, पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. पुस्तक पौष-माघात छापलेले असेल तर १९१९ उजाडलेले असते. शिवाय शीर्षकात ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार असतील. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. आजचा वाचक संगणकावर ‘काही’ असे टाकणार आणि संगणक त्याला कोरा पडदा दाखवणार. दोन्ही रूपांनी शोधता येईल अशी नोंद कोणी तरी जाणत्याने केलेली असावी लागते. त्यातही पूर्वी अनेक ठिकाणी मराठी नोंदी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरल्या गेल्या. त्या यादीत दिसतात, पण शोधल्या तर हाती लागत नाहीत. फोनवर सगळे सापडते हा समज अशा नोंदींपाशी येऊन थांबतो. फोनला तेच सापडते जे कोणी तरी आधी नीट नोंदवून ठेवलेले असते.

वर्गीकरणाची गंमत याहून मोठी आहे. मेल्विल ड्यूईची दशांश पद्धत १८७६ची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीच चालते. तिच्यात मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. समजा तुमच्या भागातला एक शेतकरी कांद्यावर काय आहे ते विचारतो. कांद्याची लागवड ६३५ मध्ये, भाजीपाल्यात. कांद्याचा भाव आणि बाजार ३३८ मध्ये, अर्थशास्त्रात. दोन्हींच्या मध्ये कितीतरी कपाटे. त्याला दोन्ही हवे आहे, किंबहुना भावाचेच अधिक हवे आहे, पण विचारताना तो फक्त ‘कांदा’ म्हणतो. दोन प्रश्न विचारून त्याची खरी गरज ओळखणे आणि त्याला दोन्ही कपाटांपर्यंत नेणे ही संदर्भसेवा. माझ्या मते ग्रंथपालाच्या कामाचा हा गाभा आहे. हा गाभा नियमाच्या रूपात मांडणारे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. बाकीचे चार घोकून पाठ होतात, या चौथ्याला मात्र रोज घाम गाळावा लागतो.

आता पोटाचा प्रश्न. गोड बोलून तुमची फसवणूक करणार नाही.

महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पाडून ग्रंथालयांना अनुदान मिळते. तुमचे वाचनालय बहुधा यातलेच असेल. पण ड वर्गाचे वर्षाचे अनुदान हजारांत मोजावे एवढेच असते, आणि त्यातूनच पुस्तके, वीजबिल व पगार भागवायचा असतो. या ग्रंथालयांतल्या सेवकांना वेतनश्रेणी नाही. ती मागणी वर्षानुवर्षे तशीच पडून आहे. गावोगावच्या या माणसांनी अर्ध्या पोटी मराठी वाचन जगवले, आणि राज्याने त्यांना अजून न्याय दिलेला नाही, हे मला स्पष्ट लिहायचे आहे. तेव्हा केवळ सार्वजनिक ग्रंथालयाच्या पगारावर संसार उभा करण्याचा बेत करू नका.

महाविद्यालयाचे गणित वेगळे. एम.लिब.ला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण, अथवा पीएच.डी., असे असेल तर महाविद्यालयीन ग्रंथपालाला सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचीच श्रेणी मिळते. मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून. अडचण जागांची. अनुदानित पदांची भरती अडून राहते आणि तासिका तत्त्वावर वर्षे निघून जातात. शाळांत पद पटसंख्येवर ठरते, म्हणून अर्धवेळ ग्रंथपाल हा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो. केंद्रीय विद्यालये, संशोधन संस्था, बँका, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, वकिलांच्या मोठ्या कंपन्या, संग्रहालये आणि अभिलेखागारे इथेही हे शिक्षण लागते. तिथल्या जाहिरातीत ‘ग्रंथपाल’ हा शब्द असेलच असे नाही, त्यामुळे पदाचे नाव न बघता कामाचे वर्णन वाचायची सवय लावा.

शिकायचे कुठे? जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत चालणारा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग ही पहिली पायरी, पण तुम्ही पदवीधर आहात तेव्हा थेट एक वर्षाच्या बी.लिब.ला जा. गाव सोडता येत नसेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. मुंबईला राहता आले तर एसएनडीटी, तिथे १९६१ पासून ग्रंथालयशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय आहे. आणि गणित-संगणकाची भीती नसेल तर रंगनाथन यांनी १९६२ साली बंगळुरूला सुरू केलेले प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र. तिथली प्रवेश परीक्षा कसून तयारी मागते.

पदवी कुठूनही घ्या, पण ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली हाताखालून गेलेली असू द्या. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेली, २००० सालापासून वापरात असलेली ही प्रणाली फुकट उतरवून घेता येते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘सोल’ महाविद्यालयांत भेटेल. मुलाखतीत तत्त्वज्ञान कमी आणि हेच जास्त विचारतात.

तुमचे मराठीचे शिक्षण वाया जाणार, अशी धास्ती प्रश्नामागे जाणवली. उलट आहे. संगणक शिकलेली मुले पुष्कळ येत आहेत. बाळकराम कोण, शक कसा मोजायचा, जोडून छापलेल्या दोन पोथ्यांतली दुसरी कुठे सुरू होते, हे सांगू शकणारी फार थोडी. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची सिद्ध केली. तिचे खंड जवळच्या मोठ्या ग्रंथालयात मागून एक दुपार चाळा. मग तुमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही उघडा, सर्वांत जुनी वीस पुस्तके निवडा आणि प्रत्येकाची नोंद नव्याने लिहून बघा : लेखकाचे खरे नाव, टोपणनाव, सन, आवृत्ती, विषय. विसावे पुस्तक लिहितानाही कंटाळा आला नसेल तर बी.लिब.चा अर्ज भरा.