बैलाच्या मागील पायाची अडकणारी वाटी व तीवरील शस्त्रक्रिया

पहाटे गोठ्यातून बाहेर काढताच बैल मागचा एक पाय ताठ धरतो, खुराचे टोक जमिनीवर घासत चार पावले जातो आणि एकाएकी झटका देऊन पाय वर उचलतो, हे दृश्य पुष्कळ शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. थोडे चालल्यावर पाय मोकळा होतो. म्हणून दुखणे किरकोळ समजून बैल औताला जुंपला जातो. पुढे पाय वरचेवर अडकू लागतो, खूर पुढून झिजते आणि ऐन पेरणीत जोडी मोडते.

हा दोष खुरात नसून बराच वर, पोटाजवळच्या सांध्यात असतो. मांडीचे व पोटरीचे हाड जेथे मिळतात, तेथे पुढील बाजूस एक वाटी असते. ती मांडीच्या हाडाच्या खाचेतून खालीवर सरकते व तीन बंधांनी खालच्या हाडाशी बांधलेली असते. पाय मागे ताणला असता वाटी खाचेच्या आतील उंचवट्यावर चढून आतल्या बंधासह तेथेच अडकली, म्हणजे सांधा वाकत नाही. ती सुटते तेव्हा झटका बसतो.

अशा पायास डाग देण्याची चाल काही ठिकाणी अद्याप आढळते. डागाने कातडी भाजते, आतील बंध होता तसाच राहतो. बैलास मात्र विनाकारण यातना होतात.

यावर खरा उपाय म्हणजे तो आतला बंध कापून मोकळा करणे. पशुवैद्य जागेवर भूल देणारे औषध टोचतात, कातडीस लहानसा छेद घेतात व बोटाने बंध चाचपून तेवढाच कापतात. शांत बैलावर हे काम खोड्यात उभ्यानेही होते. एरवी दुखरा पाय खाली येईल अशा बेताने बैल पाडतात. शस्त्रक्रिया काही मिनिटांची असते, आणि बैल उठून नीट चालू लागलेला पाहून धनी चकित होतो. तथापि काम लहान दिसते म्हणून ते गावातील हौशी माणसाच्या हाती देऊ नये. शेजारचा मधला बंध चुकून कापला गेला, तर बैल कायमचा अधू होतो.

बैल पाडावयाचा असल्यास आदल्या रात्रीपासून वैरण बंद ठेवावी. पाडण्याची जागा मऊ असावी. नंतर धनुर्वाताची लस, जखमेची रोजची मलमपट्टी आणि माश्यांपासून जपणूक, यांत हयगय करू नये. बैल पहिल्याच दिवशी बरा चालला तरी दोनतीन आठवडे जू मानेवर ठेवू नये. याकरिता हे काम उन्हाळ्यात, मृगापूर्वी पुरेसे आधी उरकणे सोयीचे. दोन्ही पायांत दोष असू शकतो, म्हणून दुसरा पायही तपासून घ्यावा.

लंगडणारे प्रत्येक जनावर याच दुखण्याचे असते असे नाही. खुरात काटा मोडलेला असतो, कधी खूर सडलेले असते. मांडीवर सूज असून ती दाबल्यास चरचर आवाज येत असेल व अंगात ताप असेल, तर तो फऱ्या समजावा. तेथे एक तासाचाही विलंब न करता पशुवैद्यास बोलवावे. गावातील कार्यकर्त्याने बैल सकाळी, कामास जुंपण्यापूर्वी पाहावा. दुपारी पाय मोकळा झालेला असतो व दोष ध्यानात येत नाही.

गाई-म्हशींनाही हा विकार होतो. जनावर गाभण असल्यास पाडण्यापूर्वी तसे पशुवैद्यास अवश्य सांगावे.