नेत्राभिघात : औषधापूर्वीचा निर्णय

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या १९ व्या अध्यायात नयनाभिघाताचा स्वतंत्र विचार केला आहे. एका पटलाचे क्षत साध्य, दोन पटलांचे कृच्छ्रसाध्य व तीन पटलांचे वर्ज्य, हा तेथील साध्यासाध्यविचार आजही मार्गदर्शक आहे. क्षत किती खोल आहे हे ठरल्यावाचून डोळ्यात औषध घालू नये, हा त्याचा व्यवहारातील अर्थ होय.

१. क्षारदाह : तंबाखूबरोबरचा चुना डोळ्यात उडाल्यास तो आत आत झिरपत जातो. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. दृष्टिपरीक्षणासाठीही न थांबता स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान ३० मिनिटे डोळा धुवावा. वरची पापणी उलटून चुन्याचे कण ओल्या कापसाच्या बोळ्याने काढावेत. उतारा म्हणून लिंबाचा रस घालू नये. धुतल्यानंतर रुग्णास त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

२. वरवरचे क्षत : भाताचे कूस किंवा उसाचे पान लागल्यावर टोचणी, अश्रुस्राव व प्रकाशासहत्व ही लक्षणे दिसतात. फ्लुओरेसीन लावून निळ्या प्रकाशात पाहिल्यास कृष्णमंडलावरील ओरखडा हिरवा चमकतो. वनस्पतिजन्य क्षतात बुरशीचा संसर्ग संभवतो. पांढरा ठिपका, पू किंवा वाढती वेदना आढळल्यास त्याच दिवशी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. औषधविक्रेत्या बंधूंनी लाल डोळ्यासाठी चिठ्ठीविना स्टेरॉइडचे थेंब देऊ नयेत. लाली उतरते, रुग्णास बरे वाटते. आत मात्र व्रण वाढत राहतो.

३. भेदक क्षत : घण-छिन्नीचे काम करताना उडालेला लोखंडाचा कण, काटा वा फटाक्याचा तुकडा यांचा इतिहास नीट विचारावा. बाहुली एका बाजूस ओढलेली दिसणे, क्षतातून तपकिरी भाग बाहेर येणे, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचणे किंवा दृष्टी अचानक मंदावणे ही धोक्याची लक्षणे होत. वेदना अल्प आहे म्हणून गाफील राहू नये. अशा वेळी डोळा धुणे, दाबणे, रुतलेली वस्तू उपसणे, अंजन व आश्च्योतन ही सर्व कर्मे वर्ज्य समजावीत. डोळ्यास स्पर्श होणार नाही असे कठीण आवरण बांधावे, काही खाण्यास देऊ नये आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे.

सेक, तर्पणादी उपक्रमांचा विचार भेद नसल्याची खात्री झाल्यावर व व्रण भरल्यानंतरच करावा. प्रत्येक रुग्णाची दोन्ही डोळ्यांची दृष्टी, आघाताची वेळ व कारण यांची नोंद करून ती चिठ्ठी सोबत द्यावी. वर्ज्य म्हणजे दुर्लक्षणीय नव्हे. योग्य हाती वेळेत सोपविणे हीही चिकित्साच आहे.