ओढणाऱ्याला घाम, बसणाऱ्याला हुडहुडी

ओस्लोत येऊन स्थिरावलेल्या मराठी आईबापांना दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात एक खूळ लागतंच: इथल्या लोकांसारखं आपणही पोराला पुल्कमध्ये घालून बर्फात न्यायचं. पुल्क म्हणजे बुटकी, तळाला गुळगुळीत घसरगाडी. तिचे दोन दांडे ओढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला अडकवतात. क्रॉस-कंट्री स्कीवर आपण पुढे, पोर मागे. खूळ चांगलं आहे, आम्हीही ते सोडलेलं नाही. पण त्यात एक फसगत आहे. ओढणारा चढावर भट्टीसारखा पेटलेला असतो. टोपी काढतो, जॅकेटची चेन उघडतो आणि ठरवून टाकतो की आज थंडी बेताचीच आहे. मागचं पोर मात्र जागचं हलत नसतं. शिवाय वजनाच्या मानाने लहान मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे त्यांची ऊब भराभर जाते.

मेट्रोच्या सोंग्सवान स्टेशनापासून उल्लेवोलसेटरच्या कॅफेपर्यंतची वाट आमच्यासारख्यांची आवडती. अंतर 5-6 किलोमीटर, चढ सगळा जाताना. एकदा तिकडे निघालो, लेक तेव्हा दीड वर्षाची होती. पारा उणे 8, पण लख्ख ऊन. मी ओढत होते, नवरा मागून येत होता आणि लेक गप्प होती. गप्प म्हणजे मजेत, असं आम्ही दोघंही धरून चाललो. कॅफेत पोचल्यावर आच्छादन उघडलं तर डावा हातमोजा मांडीशी पडलेला आणि बोटं पांढुरकी, गार. ती रडत नव्हती. समोर धरलेल्या बनपावाकडे नुसती बघत होती.

मी बोटं चोळायला घेतली तशी शेजारच्या टेबलावरची एक आजीबाई लगबगीने उठली. चोळू नकोस म्हणाली आणि तो हात माझ्या शर्टाखाली, उघड्या पोटावर ठेवायला लावला. थोड्या वेळाने बोटं लाल झाली आणि भोंगा सुरू झाला. पोरीचा भोंगा ऐकून बरं वाटल्याची ती पहिलीच वेळ!

तर पहिलं हे: गारठलेली बोटं चोळायची नाहीत, शेकोटीजवळही धरायची नाहीत, बधिर कातडीला चटका कळत नाही. पोट नाहीतर काख, बस्स. तरीही बोटं पांढरी, कडक, बधिरच राहिली तर सरळ डॉक्टर गाठायचा.

हातमोजे दोरीने जोडून बाह्यांतून ओवलेले हवेत. अंगाला लागून लोकर, सुती बनियन नको. ते ओलं झालं की ओलंच राहतं. वरून कितीही पांघरलं तरी थंडी खालून येते, म्हणून बुडाखाली मेंढीचं कातडं किंवा फोमची चटई हवीच. घट्ट बुटात मोज्यांवर मोजे कोंबू नका, पाय आवळले की जास्तच गार पडतात. आणि पंधरा-वीस मिनिटांनी थांबून हात आत घालून बघा. इथे मानगूट तपासायला सांगतात. आमच्या सासूबाई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर विचारतात, "तळवे बघितलेस का गं?" दोघांचंही बरोबर. मानगुटीवरून धडाची ऊब कळते, तळव्यांवरून हातापायांच्या टोकांची.

खरी कसोटी परतीच्या उतारावर. ओढणाऱ्याला मेहनत नाही, वेग जास्त, वारा थेट पोराच्या तोंडावर, आणि डिसेंबरात तर तीनच्या सुमारास सूर्य मावळतो. निघण्याआधी लंगोट बदला, पोटात काहीतरी गरम घाला. दोरीने ओढायची घसरगाडी उतारावर आपल्याच टाचांवर येऊन आदळते, तेव्हा ताठ दांडेच हवेत. पोराला पट्टा बांधलेला हवा, कारण एका बाजूला कललेल्या वाटेवर पुल्क कलंडते. स्कीवर ब्रेक लावणं अजून अंगवळणी पडलं नसेल तर आधी दहा किलो बासमतीची पिशवी बांधून उतरून बघा. आम्ही पाहिलंय, तांदूळ दोनदा बर्फात लोळले. दुसरा मोठा माणूस कायम मागे, पोराचं तोंड दिसेल असा. आच्छादन पूर्ण बंद करू नका.

नॉर्वेच्या डोंगर-नियमांत आठवा नियम वेळेत मागे फिरण्याचा आहे. त्यात लाज कसली, असंही तिथेच म्हटलंय. आम्ही आता बनपाव पिशवीतूनच नेतो, म्हणजे कॅफे गाठायचाच हा हट्ट राहत नाही.

लेक चार वर्षांची झाली, तिला आता स्वतःच्या स्की हव्या असतात. अर्धा किलोमीटर धडपडते, घामाघूम होते आणि मग म्हणते, "आई, मला ओढ." अशा वेळी तिला तशीच पुल्कमध्ये बसवायची नाही. आधी आतला ओला थर आणि मोजे बदलायचे, मग बसवायचं; ती कितीही किंचाळली तरी.