आठ तारांपैकी एक

समजा लॅपटॉप तासाभरात दुरुस्तीला न्यायचा आहे. त्यातल्या घरच्या जुन्या चित्रफिती, एकूण ६० गिगाबाइट, केबलने जोडलेल्या घरच्या सर्व्हरवर हलवायला घेतल्या. तर पडद्यावर उत्तर आले, दीड तास! सर्व्हरची तबकडी बिघडली का?

आधी वेग वाचा. सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास आकडा खिळून राहिला असेल, तर तबकडी बहुधा निर्दोष आहे. जाळ्याचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात, फायलींचा मेगाबाइटमध्ये. ८ बिटांचा १ बाइट. आता १०० ला ८ ने भागा. १२.५ आले ना? प्रत्येक तुकड्यासोबत पत्ता व तपासणीचे अंक जातात. ते वजा जाता ११-१२ उरतात. म्हणजे जोडणी १०० मेगाबिटवर चालली आहे!

दोन्ही यंत्रे तर १००० मेगाबिटची. मग असे का? केबलचे पारदर्शक टोक उजेडात धरा. आत ८ तारा, म्हणजे पिळलेल्या ४ जोड्या दिसतील. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात. १९९९ साली प्रमाणित झालेल्या गिगाबिट पद्धतीला चारही लागतात. दारात चेमटून एखादी तार तुटली, की पुष्कळ यंत्रे मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात. सगळे 'चालू' दिसते, हीच खरी फसगत.

पडताळ्यासाठी एकच मोठी फाइल घ्या. हजारो लहान फायलींत प्रत्येकीची वेगळी नोंद करण्यातच वेळ जातो. मग फक्त केबल बदला, इतर कशालाही हात लावू नका, आणि तीच फाइल पुन्हा पाठवा. आकडा ११० च्या घरात गेला, तर चित्रफिती नऊ-दहा मिनिटांत पोहोचतील. नाहीच हलला, तर मधला स्विच १०० मेगाबिटचाच तर नाही ना, ते पाहा.