तंबू नाही, तर कॅरिअर कशाला?

प्रश्न : रेवदंड्याहून किनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलने जायचे आहे. मुक्काम घरगुती निवासात. सायकलला कॅरिअर बसत नाही. बॅगा कोणत्या घ्याव्यात?

उत्तर : तंबू नाही, तेव्हा काळजी सोडा. सीटमागे १० लिटरची, फ्रेमच्या त्रिकोणात एक आणि हँडलवर छोटी, एवढ्या पुरतात. हत्यारे, ट्यूब, पॉवर बँक त्रिकोणात, कपडे मागे. मागची बॅग सैल राहिली की उभ्याने पॅडल मारताना शेपटीसारखी हलते, आणि कोकणात चढ पाठ सोडत नाहीत! म्हणून कपडे घट्ट गुंडाळून निमुळत्या टोकापर्यंत ठासा, सीटपोस्टचा पट्टा शेवटी पुन्हा आवळा. सीटवर बसून कुणाला तरी पाहायला सांगा, टायर घासत नाही ना. हँडलच्या बॅगेखाली ब्रेकची केबल दबू देऊ नका. पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे लावा, म्हणजे रंग खरवडणार नाही.